सातव्या कुपीतली काजळी

पावसाळा संपला की दिवेआगरच्या वाड्यांना तहान लागते. चार महिने धो धो पाण्यात उभे राहिलेले माड आणि पोफळी दसरा उलटताच पाणी मागायला लागतात, हे परगावच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण इथली जमीन रेतीची. पाणी आलं तसं खाली निघून जातं. मग आळी साफ करायची, पाटातला पाचोळा उपसायचा आणि पंप सुरू करायचा. आता बहुतेक वाड्यांत विजेच्या मोटारी आहेत, त्या नुसत्या गुणगुणतात. परवा मात्र कुठल्याशा वाडीत एक जुनं डिझेलचं इंजिन चालू होतं. फट् फट् फट्, आणि मध्येच एक ठोका गिळल्यासारखा. मी रस्त्यात थांबले आणि नाक वर करून हुंगायला लागले. बरोबरची मैत्रीण म्हणाली, "काय गं, काही जळतंय का?"

जळत तर होतंच. पण नुसतं डिझेल. मला हवा होता तो वास त्यात नव्हता. तो वास एका वर्षी आमच्या भाऊकाकांच्या वाडीत होता, आणि त्याने मला जवळजवळ वेड लावलं होतं.

माझं सगळं शिक्षण काजळीत झालं. मैत्रिणी संगणकात गेल्या, बँकेत गेल्या. मी डिझेलच्या धुरात गेले. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की बाबा "धुरावर करते काहीतरी" म्हणून चहाचं बघायला आत जायचे. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने तर "म्हणजे चुलीवरचा स्वयंपाक येत असेल," असा अर्थ काढला होता. मी येतो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

पण काजळीचा कण एकदा मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की माणूस कायमचा बिघडतो. आपण तिला नुसतं काळं म्हणतो, फडक्याने पुसतो, वर हातही धुतो. प्रत्यक्षात ती गोल गोल मण्यांची गुंतलेली माळ असते. मणी इतके बारीक की केसाच्या जाडीत दोन-तीन हजार ओळीने बसतील. आणखी जवळ गेलं की त्या प्रत्येक मण्यात रेषा दिसतात. वळत गेलेल्या, एकात एक बसलेल्या, मध्येच तुटून पुन्हा सुरू झालेल्या. मला ते चित्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी "अय्या, सुपारी!" असं भर प्रयोगशाळेत ओरडले होते. अडकित्त्याने रोठा सुपारी फोडली की आत पांढऱ्या-तपकिरी रेघांची जी नक्षी निघते ना, हुबेहूब तीच. सर हसले नाहीत. त्यांनी सुपारी कधी फोडली नसावी.

त्या रेषा म्हणजे कर्बाचे पापुद्रे. हा मणी इंजिनाच्या पोटात सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात जन्मतो. तिथे किती उष्णता होती, किती वेळ मिळाला, इंधन कुठलं होतं, यावर पापुद्रे लांब आणि सरळ होणार की आखूड आणि वेडेवाकडे, हे ठरतं. आणि तो पुढे कसा जळणार, तेही तिथेच बरंचसं ठरतं. कारण हवेतल्या ऑक्सिजनला पापुद्र्याच्या मधोमध सहसा हात घालता येत नाही, तो कड शोधतो. लांब पापुद्र्यांना कडा कमी, म्हणून ती काजळी हटवादी. साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवा, मग कुठे मनावर घेते. आखूड, वाकड्या पापुद्र्यांना जागोजागी कडा, ती लवकर पेटते. दोन्ही काळ्याच, दोन्ही कर्बच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. इतक्या क्षुद्र गोष्टीला इतकी बांधणी कुणी का द्यावी, हेच मला कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही.

याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे तयार उत्तर आहे. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती अधूनमधून आतल्या आत जाळून साफ व्हावी लागते, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ वेगात पळावी लागते. आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याच्या वळणांवर कुठली गाडी वेगात पळणार? मग समोर पिवळा दिवा लागतो आणि टेम्पोवाला माझ्यासारख्या शिकलेल्या लोकांच्या नावाने शंख करतो. लवकर जळणारी काजळी कशी होते हे कळलं, तर तो दिवा कमी वेळा लागेल. हे सगळं खरं आहे. पण मी त्या सुपारीच्या नक्षीसाठी गेले होते.

तर ते वर्ष, किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या करणाऱ्या त्या मोठ्या वादळानंतरचं तिसरं. माझ्या प्रबंधासाठी मी किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या इंजिनांची काजळी गोळा करत होते. ट्रकची, टेम्पोची, मासेमारीच्या बोटीची; आणि घरचीच म्हणून भाऊकाकांच्या पंपाची. भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. होळीच्या सुमाराला त्यांच्या पंपाच्या धुराड्याला गाळणकागद लावून मी काजळी धरली, काचेच्या कुपीत भरली आणि वर सात आकडा घातला. पावसाळ्यात तपासणीला तिची पाळी आली. छोट्या भट्टीत काजळी टांगून हळूहळू तापवायची आणि वजन कधी उतरायला लागतं ते बघत बसायचं, असं ते काम. सातव्या कुपीतली काजळी बाकी सगळ्यांच्या कितीतरी आधी जळून गेली. मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत आलेख घसरला होता.

सरांनी आलेख पाहिला आणि चष्मा काढला. "नमुना बिघडलाय. तुझ्या हाताला काहीतरी लागलं असणार," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. "मग दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा आणून तसाच जाळून दाखव. नाहीतर पंपाचं प्रकरण काढून टाक." प्रकरण काढलं असतं तर प्रबंधाची एक भिंतच गेली असती, कारण जुन्या, संथ इंजिनांवरचा माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा होता. माझी शिष्यवृत्ती त्याच हिवाळ्यात संपत होती. पण त्याहून मला लागलं ते हाताचं. मी गलथान आहे, असं ते मला शांतपणे सांगत होते.

म्हणून ऑक्टोबरात मी दिवेआगरला येऊन राहिले. काय उकडत होतं त्या दिवसांत! समुद्र दोनशे पावलांवर, पण वारा म्हणून नाही. अंगणात सुपारी वाळत घातलेली, तिचा तो ओलसर, आंबूस वास. वाडीच्या मागच्या अंगाला मात्र बघवत नसे. तिथे सत्तावीस माड होते, ते वादळाच्या एका दुपारीत गेले. त्यांच्या जागी आता गुडघ्याएवढी रोपं होती आणि वर नुसतं आभाळ. माझ्या लहानपणी त्या भागात दुपारीही ऊन जमिनीला लागत नसे. भाऊकाका वादळाबद्दल कधी बोलले नाहीत. कुणी विषय काढला की "पडले ते पडले" म्हणायचे आणि पाट वळवायला जायचे.

पंपही तसा वादळामुळेच आलेला. विजेचे खांब आडवे झाले, महिनोन् महिने दिवे नव्हते, तेव्हा काकांनी अडगळीतलं डिझेलचं इंजिन बाहेर काढलं. पुढे वीज आली, पण काका रोज इंजिनच चालवत राहिले. मोटार गोणपाटाखाली. मला वाटायचं, सवय झाली असेल.

मी मात्र या खेपेला काही कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. स्वतः बोर्लीच्या पेट्रोलपंपावरून डिझेलचा कॅन भरून आणला, गणू मिस्त्रीला बोलावून इंजिन उघडून घेतलं. गणू मिस्त्रीने नोझल काढून बोटांत फिरवलं.

"भाऊ, ह्याला राळ धरलीय. डिझेलची राळ अशी नसते."

काका विहिरीत बघत म्हणाले, "असेल. जुनं झालं."

"जुना हाय म्हणून न्हाय. कायतरी येगळा गेलाय पोटात. मी आधीच सांगतो, डिझेलबिगर काय घातलात तर मी पुन्हा हात लावनार न्हाय."

"नाय हो, काय घालणार?" काका म्हणाले आणि पाट बघायला निघून गेले.

मी टाकी पुसली, माझं डिझेल ओतलं, नवे कागद लावले. तीन दिवसांत तीन कुप्या भरल्या. मुंबईला नेऊन जाळल्या. तिन्ही शहाण्यासारख्या, बाकीच्या काजळीबरोबरच जळाल्या. सरांनी नुसती मान हलवली. एसटीत बसून मी परत गावी आले ती खिडकीकडे तोंड करून रडत. चुकलं होतं माझंच, आणि कुठे चुकलं ते मला सापडत नव्हतं. होळीच्या वेळी मी हात धुतले होते का, कुपी वाळली होती का, असे पोलिसी प्रश्न मी स्वतःला विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत बसले होते. काकी न्हाणीघराच्या चुलीत नारळाची सोडणं सारत होती. पंप सुरू झाला आणि थोड्या वेळाने पुऱ्या तळल्याचा खमंग वास आला. होळीच्या दिवसांतही हा वास यायचा, आणि मी दरवेळी जिभल्या चाटत स्वयंपाकघरात डोकवायचे. तसंच म्हटलं, "काकी, आज पुऱ्या का गं?"

"कसल्या पुऱ्या? मी हितं तुझ्यासमोर बसलेय ना?" काकीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "अगो, तुझे काका त्या इंजिनाला तेल पाजतायत. खोबरेल. गणूने इंजिन उघडलं तेव्हापासून तू असलीस की बंद, तू गेलीस की चालू. तू कालच आलीस हे विसरले वाटतं."

मी उठून तिच्या चुलीपाशी जाऊन बसले.

तेव्हा तिने सांगितलं. पडलेल्या माडांवरचे पिकलेले नारळ त्यांनी दोघांनी वेचले, चुलीवरच्या माळ्यावर धुरी देऊन वाळवले आणि घाण्यावरून तेल काढून आणलं. दरवर्षीपेक्षा कितीतरी जास्त. वाटलं, डोक्याला लावलं, तरी डबे उरले. दोन पावसाळ्यांत ते खवट झालं. "मी म्हटलं ओतून टाका. तर म्हणाले, त्या माडांचं शेवटचं तेल मी मातीत ओतू? मग एक दिवस बघते तर डिझेलात मिसळून टाकीत. निम्मंनिम्म. थंडीत डबा गोठतो, तर सकाळी उन्हात ठेवतात. गणूला कळलं तर तो इंजिनाला हात लावणार नाय, आणि तू शिकलेली, तू हसशील. म्हणून तुझ्यापासून चोरून."

काजळीत अर्धं आयुष्य घालवलेली मी, धुराला तळणीचा वास येतोय आणि स्वयंपाकघरात पुऱ्या शोधतेय! मला हसूच आलं. खोबरेलात स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्याची काजळी वेगळी जन्मणारच. माझा हात स्वच्छ होता. सातवी कुपी खरं बोलत होती, आणि तिच्यावर विश्वास नव्हता तो आम्हा शिकलेल्यांचाच.

मी काकीला पापुद्र्यांचं, कडांचं, लवकर-उशिरा जळण्याचं सगळं घाईघाईने सांगून टाकलं. तिने चुलीतलं सोडण हलवलं. "त्यात काय एवढं? सोडण आणि करवंटी एकाच नारळाची. जळतात का सारखी? सोडण भुसभुशीत, लगेच धरतं. करवंटी घट्ट, ती नखरे करते." माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेला चाळीस पानं लागली होती.

पण नुसतं कारण कळून भागणार नव्हतं. सरांना पुन्हा तशीच काजळी हवी होती. मी वाडीत गेले. काका रोपांच्या आळ्यात पाणी वळवत होते. "काका, तेल किती उरलंय?" असं मी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसासारखा झाला. मी हसत नाहीये हे त्यांना पटायला बराच वेळ लागला.

एकच डबा उरला होता. तोही पाऊण. कागदावर पुरेशी काजळी धरायची तर निम्म्याच्या प्रमाणात सलग दोन सकाळी इंजिन चालवावं लागणार होतं. म्हणजे डबा संपणार. काका आता रोज एकच पळी घालत होते, पुरवून पुरवून. मी हे सगळं त्यांना स्पष्ट सांगितलं. मागितलं नाही. मला ते मागवेना.

काका कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. "तेल गेलं की मग नाय काय उरत त्यांचं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून त्या माडांबद्दल मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. "खोडं नेली वखारीत. झावळ्या जाळल्या. हे तेवढं होतं." मग म्हणाले, "तुझ्या यंत्रात दिसतं का काय?"

"दिसतं, काका."

"मग घे."

त्या दोन सकाळी मी विसरणार नाही. काकांनी डबा उन्हात ठेवला, पहाटेच्या गारव्याने दाटलेलं तेल पातळ झालं तसं स्वतः गाळून टाकीत घातलं. इंजिन आधी रुसलं, मग चालायला लागलं. विहिरीतून पाणी वर आलं, पाटाने धावलं आणि रोपांच्या आळ्यात भरलं. गेलेल्या माडांचं तेल जळत होतं आणि त्याच्या जोरावर नव्या माडांना पाणी मिळत होतं. आणि धुराड्याच्या तोंडाशी माझा पांढरा कागद हळूहळू काळा होत होता. मी विज्ञान शिकलेली बाई. पण त्या वेळी मी चप्पल काढून उभी होते. काकी पाटाच्या कडेला बसली होती. दुसऱ्या सकाळी टाकीने शेवटचा घोट घेतला. काकांनी डबा उलटा करून पाहिला आणि उलटाच खाली ठेवला.

प्रयोगशाळेत ती काजळी पुन्हा तशीच, कितीतरी आधी जळाली. सरांनी तीनदा आलेख तपासला. मग म्हणाले, "मी चुकलो." त्यांना ते सोपं गेलं नसावं, म्हणून मला ते अजून लक्षात आहे. त्यानंतर आम्ही काजळी अर्धवट जाळून मध्येच थांबवली आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नुसत्या डिझेलचे मणी बाहेरून झिजत लहान होत गेले होते, आत भरीवच. तेलाच्या काजळीचे मणी बाहेरून होते तेवढेच होते. पण आतून पोकळ. आग कडांमधल्या फटींतून आत शिरली होती, गाभा खाऊन गेली होती, आणि बाहेरचं कवच उलट अधिक घट्ट, अधिक सरळ रेषांचं झालं होतं. खोलीत अंधार, पडद्यावर ती पोकळ वर्तुळं. सर आणि मी दोघंही खुर्चीतून उठलो नाही. असं होतं हे लिहिलेलं मी वाचलं होतं. पण वाचणं निराळं, आणि आपल्या ओळखीच्या माडांचं समोर असं दिसणं निराळं. मला एकदम काकांचा चेहरा आठवला. तीन वर्षं आम्ही म्हणत होतो, भाऊकाकांनी किती छान सावरलं. बाहेरून सगळं जागच्या जागी होतं ना!

दिवाळीला चित्राची मोठी छापील प्रत घेऊन मी घरी गेले. काका पडवीत बसले होते. त्यांनी चष्मा लावला, प्रत लांब धरली, मग जवळ आणली. मी बोटाने दाखवलं, हा डिझेलचा मणी, हा आपल्या तेलाचा. पोकळी दाखवली, कवच दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग एका पोकळ मण्यावर अगदी हलक्या हाताने बोट ठेवून विचारलं, "ह्यात विहिरीकडचा माड कुठला गो? आईने लावलेला?"

त्या मण्याबद्दल मला काय विचाराल ते सांगता आलं असतं. त्याचा जन्म, त्याचे पापुद्रे, तो किती अंशांवर पेटतो ते. एवढंच सांगता येत नव्हतं.

"ते नाही कळत, काका. सगळ्यांचं तेल एकत्र होतं."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा चित्राकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं नाही.

"असू दे," ते म्हणाले. "दिसले तरी."